पिकअपची बॉडी उचलायची? किट, फिटिंग, पाटे आणि आरटीओचा नियम. खर्च करण्याआधी हे वाचा

पावसाळा सरला की शिवरस्त्यांची काय अवस्था होते ते सगळ्यांना माहीत आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. कांदा, टोमॅटो, डाळिंब भरून पिकअप त्यावरून निघाली की खालून घासल्याचा आवाज येतो. मग कुणीतरी सांगतं, "बॉडी उचलून घे दोन इंच, टेन्शन संपलं." मोबाईलवर उंच केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ असतातच. गॅरेजवालाही म्हणतो, दोन दिवसांत करून देतो.

हा खर्च करण्याआधी काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. बॉडी लिफ्ट किट म्हणजे काय, ते बसवतात कसं, त्याने गाडी खरंच घासायची थांबते का, आरटीओ आणि विमा कंपनी काय म्हणते, आणि घाटात ब्रेकवर काय परिणाम होतो, हे सगळं इथे एकत्र दिलं आहे.

थोडक्यात महत्त्वाचं

- बॉडी लिफ्टने गाडीची बॉडी वर जाते. चेसी, हौसिंग, सायलेन्सर, डिझेल टाकी आहे तिथेच राहते. म्हणजे मधला उंचवटा घासायचा तो घासतोच.
- रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करणं कायद्याने गुन्हा आहे.
- पाटे वाढवल्याने आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. उलट काही गाड्यांत मागचे ब्रेक कमी लागतात.

बॉडी लिफ्ट म्हणजे नेमकं काय?

बोलेरो पिकअप, बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स या गाड्यांना खाली शिडीसारखी चेसी असते. इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग, पाटे हे सगळं चेसीला. वरची केबिन वेगळी असते आणि ती चेसीवर रबरी माउंटवर बोल्टने बसवलेली असते. मागचा हौदाही वेगळा असतो.

बॉडी लिफ्टमध्ये केबिन आणि चेसीच्या मधे, माउंटच्या जागी, ठोकळे टाकतात. मूळ बोल्ट काढून त्या जागी लांब बोल्ट लावतात. ठोकळा जेवढा जाड, तेवढी केबिन वर. साधारण एक ते तीन इंचांची किट मिळतात.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिकडे मोठ्या पिकअपना जाड टायर लावायचे असतात आणि चाकाच्या कमानीत ते मावत नाहीत, म्हणून बॉडी उचलतात. काही जण तर बर्फावरच्या हॉकीत वापरतात ती रबरी चकती भोक पाडून ठोकळा म्हणून टाकायचे. तिकडे प्रत्येक राज्याचे उंचीचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे व्हिडिओत जे चालतं ते इथे चालेलच असं नाही.

कार आणि छोट्या व्हॅनना वेगळी चेसी नसते, बॉडी हीच चेसी असते. त्यांना बॉडी लिफ्ट होतच नाही.

त्याने फायदा होतो का?

बॉडी उचलल्यावर चाकाच्या वर जागा वाढते. मोठा टायर बसतो, पायदान थोडं वर जातं, गाडी रुबाबदार दिसते. एवढंच.

गाडीचा सगळ्यात खालचा भाग कोणता? बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांच्या मधलं हौसिंग. ते चाकांबरोबरच असतं. बॉडी दोन इंच वर नेली तरी हौसिंग जमिनीपासून आधी होतं तेवढ्याच उंचीवर राहतं. सायलेन्सर आणि टाकी चेसीला आहेत, तीही हलत नाहीत. ओढ्याच्या पाण्यातून जाताना हौसिंगचा ब्रीदर आणि इंजिनवरचे भागही जुन्याच उंचीवर असतात.

हौसिंग वर न्यायचा मार्ग एकच, टायर मोठा करणं. त्याचाही हिशेब बघा. २१५/७५ आर १५ हा टायर सुमारे ७०३ मिलिमीटर उंच असतो. २३५/७५ आर १५ सुमारे ७३३ मिलिमीटर. फरक ३० मिलिमीटर. पण हौसिंग चाकाच्या मध्यावर असल्याने ते त्याच्या निम्मंच, म्हणजे १५ मिलिमीटर वर जातं. बोटाच्या जाडीएवढं. बदल्यात मीटर चुकतो. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६२ च्या वर पळत असते. चढाला ओढ कमी होते, क्लचवर ताण येतो, डिझेल वाढतं. टायर बदलायचाच असेल तर कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापाबाहेर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट. हौदाही उचलला तर प्रत्येक गोणी दोन इंच जास्त उचलून वर टाकावी लागते. दिवसाला शंभर गोण्या भरणाऱ्या हमालाला विचारा, दोन इंच म्हणजे काय ते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही. सीएनजी किटसारख्या ठरावीक बदलांना मान्यता मिळते, पण त्यासाठी मंजूर किट लागतं आणि आरसीवर नोंद करावी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ लागू झालं. बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द लक्षात ठेवा. बॉडी, टायर, बंपर हे वेगवेगळे धरले जाऊ शकतात.

पिकअप ही मालवाहतुकीची गाडी, तिला फिटनेससाठी पासिंगला न्यावंच लागतं. त्या वेळी बदल नजरेस पडला तर गाडी परत पाठवतात. मग काढायचा खर्च वेगळा आणि हंगामात गाडी उभी राहते ते वेगळं.

"अमक्याने केलंय, त्याला कुणी अडवलं नाही," हा आधार धरू नका. बदल करायचाच असेल तर आधी आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. गॅरेजवाल्याचं तोंडी आश्वासन पासिंगला उपयोगी पडत नाही.

विम्याचं काय?

खरी अडचण इथे येते. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो. चेसीवरचे ठोकळे आणि लांब बोल्ट त्याला पहिल्याच नजरेत दिसतात. कंपनीला न कळवता बदल केला असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो किंवा कमी होऊ शकतो. समोरच्याला इजा झाली असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. अटी मोडलेल्या असतील तेव्हा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. कर्जावर घेतलेल्या गाडीचे हप्ते तर चालूच राहतात.

मग किटची माहिती कशाला?

कारण आपल्या भागात अशा गाड्या आधीच फिरत आहेत, आणि जुन्या बाजारात त्या विकायलाही येतात. काही जण फक्त खाजगी जागेवरच्या ऑफरोड खेळासाठी गाडी तयार करतात. बसवलेलं काम चांगलं की धोक्याचं, हे मालकाला आणि चालकाला ओळखता आलं पाहिजे.

*किटमध्ये काय असावं*

- ठोकळे: चांगल्या प्रतीच्या नायलॉनचे, पॉलीयुरेथेनचे किंवा अॅल्युमिनियमचे, सगळे एका मापाचे. लोखंडी पाईप कापून केलेले, लाकडाचे किंवा एकावर एक रचलेले वायसर नकोत.
- बोल्ट: डोक्यावर १०.९ हा आकडा कोरलेले असावेत. बिनआकड्याचा बाजारातला बोल्ट हादऱ्याने ताणला जाऊन तुटतो.
- स्टेअरिंगच्या शाफ्टसाठी जोडणी, गरज असल्यास. ती तयार भागच हवी. शाफ्ट कापून वेल्डिंग करून लांब केलेला असेल तर त्या गाडीत बसू नका.
- बंपर, रेडिएटर, गिअर लिव्हर यांच्यासाठी पट्ट्या.
- किट त्याच मॉडेलचं आणि त्याच सालचं असावं. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं किट घेऊ नका.

उंचीचं म्हणाल तर एक इंचापर्यंत बाकीचे भाग फारसे ताणले जात नाहीत. दोन इंचांपासून पाईप, केबल, स्टेअरिंग सगळ्यांचाच प्रश्न येतो. तीन इंच म्हणजे प्रत्येक जोडणी नव्याने बघायची. एअरबॅग असलेल्या नव्या गाडीत स्टेअरिंगच्या खांबाशी खेळ करूच नये.

*फिटिंग कसं होतं*

१. एक दिवस आधी सगळ्या बॉडी बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारतात. जुन्या गाडीचे बोल्ट सरळ निघत नाहीत. जबरदस्ती केली तर तुटतात किंवा केबिनमधला नट मोकळा फिरायला लागतो.

२. गाडी सपाट सिमेंटच्या जागेवर, हौदा रिकामा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. वायर, पाईप, केबल कुठून कुठे जातात त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवतात.

३. बॉडीला आणि चेसीला जोडणारं काय काय आहे ते तपासतात. ब्रेकचे पाईप, क्लचचा पाईप किंवा केबल, अॅक्सिलरेटर, हँडब्रेक, एसीचे पाईप, रेडिएटरचे होज, डिझेल भरायचा पाईप, अर्थिंगची पट्टी. ज्याला ढील नाही ते आधी मोकळं करतात.

४. एका बाजूचे बोल्ट काढतात, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले करतात. दोन्ही बाजूंचे एकदम काढले तर केबिन सरकते.

५. जॅकवर जाड लाकडी फळी ठेवून केबिन मजबूत जागेवर हळूहळू उचलतात. पत्र्याला थेट जॅक लावला की पत्रा आत जातो. उचलताना एकाने फक्त पाईप आणि स्टेअरिंगकडे बघायचं. जॅकवर उचललेल्या केबिनखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. आधी स्टँड किंवा भक्कम ठोकळा लावायचा.

६. ठोकळे टाकून नवे बोल्ट हाताने लावतात, मग दुसरी बाजू. सगळे बसल्यावर टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाप्रमाणे कसतात. "हाताच्या अंदाजाने" चालत नाही.

७. रेडिएटर बॉडीला असेल तर तो वर जातो आणि पंखा चेसीवरच्या इंजिनला असल्याने खालीच राहतो. मग पंखा त्याच्या कव्हरला घासतो. कव्हर खाली घ्यावं लागतं.

८. हौदाही तेवढाच उचलावा लागतो. नाहीतर केबिन वर आणि हौदा खाली अशी तिरपी गाडी होते.

चेसीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं कुठल्याही टप्प्यावर नको. भरलेल्या गाडीचा सगळा ताण चेसीवर असतो आणि तडा वेल्डिंगच्या कडेपासूनच सुरू होतो.

*नंतर काय बघायचं*

स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, कुठे अडकतं का बघा. सगळे गिअर पडतात का, गिअर सुटतो का. ब्रेक दाबून कुणाला तरी खालून पाईप बघायला सांगा. हेडलाईट बॉडीबरोबर वर गेल्याने प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तो खाली सेट करा. पहिल्या १०० आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसून घ्या.

पाटे वाढवणाऱ्यांनी हे जरूर वाचा

आपल्याकडे बॉडी लिफ्टपेक्षा जास्त चालतं ते पाटे वाढवणं. एक-दोन पाटे जादा टाकले किंवा पाट्याखाली ठोकळा दिला की मागून गाडी उंच दिसते आणि माल भरला तरी बसत नाही. पण याचे दोन परिणाम लक्षात येत नाहीत.

पहिला ब्रेकचा. अनेक पिकअपना मागच्या बाजूला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसीवर एक छोटा व्हॉल्व्ह आणि त्यातून हौसिंगकडे जाणारा रॉड किंवा स्प्रिंग. माल भरला की गाडी मागून बसते, रॉड हलतो, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असेल तर कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. आता पाटे वाढवले की भरलेली गाडीही बसत नाही. व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी रिकामीच आहे. मागच्या चाकांना पुरेसा ब्रेक मिळत नाही, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, उतारावर ते तापतात आणि पेडल मारूनही गाडी लवकर थांबत नाही. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. कसारा किंवा माळशेज उतरताना कळतं.

पाटे बदलले असतील तर हा व्हॉल्व्ह अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासून सेट करून घ्या. काही ठिकाणी तो रॉड तारेने बांधून ठेवतात किंवा काढूनच टाकतात. ते अजिबात करू नका.

दुसरा परिणाम प्रॉपेलर शाफ्टवर. मागची बाजू उचलली की शाफ्टचा कोन बदलतो. गाडी थरथरते, क्रॉस लवकर जातो.

आणि वजनाचं. आरसीवर जेवढं एकूण वजन लिहिलंय तेवढंच. पाटे दहा असोत की पंधरा. जादा वजनाला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. पाटे मजबूत झाले तरी अॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात.

गाडी उलटण्याचा हिशेब

एक सोपं उदाहरण. समजा डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १४० सेंटिमीटर आणि भरलेल्या गाडीचा भारमध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर. अंतराच्या निम्मे ७०, भागिले १००. म्हणजे वळणावर गाडीच्या वजनाच्या ७० टक्के ताकद बाजूने लागली की ती उलटायच्या बेतात येते. गाडी उचलून भारमध्य १०६ वर गेला तर हा आकडा ६६ होतो. वर गोण्यांचे आणखी थर चढवून तो १२० वर गेला तर ५८. पाट्यांवर गाडी डुलते, रस्ता कलता असतो, त्यामुळे प्रत्यक्षात याच्याही आधी चाक उचलतं.

यातून दिसतं की नुसत्या दोन इंचांनी गाडी लगेच पालथी होत नाही. पण दोन इंच, जादा पाटे आणि फाळक्याच्या वर रचलेला माल हे तिन्ही एकत्र आले, आणि हौद्यात माणसं बसली असतील, तर काय होतं ते सांगायला नको. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीतच.

मग गाडी घासते त्याचं काय करायचं?

- आधी पाटे तपासा. जुने पाटे सपाट होतात. नवीन मूळ पाटे टाकले किंवा चांगल्या कारागिराकडून कमान भरून घेतली तर गेलेली उंची परत येते. यात काहीच बेकायदा नाही.
- बुश, शॅकल, शॉकअप बदला. बसका शॉकअप असेल तर खड्ड्यात गाडी जास्त दबते.
- टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची हवा वेगळी असते, ती माहितीपुस्तिकेत किंवा दाराजवळच्या स्टिकरवर असते.
- सायलेन्सरचे लोंबते हँगर नीट करा. घासणारा भाग बऱ्याचदा तोच असतो.
- माल पुढे-मागे सारखा पसरा. सगळं वजन मागच्या टोकाला टाकलं की मागची बाजू बसते.
- चाकोरीतून जायचंच नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला, असं हळू न्या.
- शेतापासून रस्त्यापर्यंतचा तुकडाच खराब असेल तर पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून दोन ब्रास मुरूम टाकला तरी हंगाम निघतो. कायमच्या कामासाठी शेत/पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत आपला रस्ता घेतला आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामसभेत ठराव मांडा.
- नवी गाडी घेताना चारचाकी ओढीचं मॉडेल मिळतं का विचारा. चिखलात उंचीपेक्षा ओढ जास्त कामाला येते.

जुनी पिकअप घेताय? हे पाच मिनिटांत तपासा

- केबिनच्या खाली वाकून बघा. रबरी माउंटखाली ठोकळा आहे का? बोल्ट नवे चकचकीत आणि बाकी गाडी जुनी आहे का?
- बंपर आणि बॉडीच्या मधे नेहमीपेक्षा जास्त फट दिसते का?
- स्टेअरिंग शाफ्टवर वेल्डिंगची खूण आहे का?
- मागचे पाटे मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा रॉड जागेवर आहे का?
- टायरवरचं माप कंपनीच्या मापाशी जुळतं का?

यातलं काही आढळलं तर सौदा करण्याआधी मालकाला गाडी मूळ स्थितीत आणून द्यायला सांगा, किंवा तो खर्च किमतीतून वजा करा. गाडी तुमच्या नावावर झाली की पुढचा दंड आणि पासिंगची अडचण तुमची.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एक इंच केलं तर चालतं का?* कायद्यात एक इंच, दोन इंच अशी सूट नाही. मूळ रचनेतला बदल तो बदलच.

*शोरूममध्येच बसवून घेतलं तर?* कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेला भाग आहे का, ते लेखी मागा. बिलावर त्याचं नाव असू द्या. विमा कंपनीलाही कळवा.

*आधीच बसवलंय, आता काय?* मूळ बोल्ट आणि माउंट टाकून गाडी पूर्ववत करून घ्या. पुढच्या पासिंगची वाट बघू नका. तोवर घाटात आणि भरून गाडी चालवू नका.

*पाटे काढले तर माल कमी बसेल ना?* आरसीवर जेवढा माल मान्य आहे तेवढा मूळ पाट्यांवर आरामात बसतो. त्याहून जास्त असेल तर दुसरी फेरी करा. भाडं परवडत नाही हे खरं, पण उतारावर न थांबलेली गाडी त्याहून महाग पडते.

गावातल्या ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांच्यापर्यंत, आणि खासकरून ती चालवणाऱ्या पोरांपर्यंत, लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची माहिती नक्की पोहोचवा. बऱ्याच जणांना आपल्या गाडीला तो आहे हेच माहीत नसतं.